झोपेत जळालेला वडापाव

आमचे घरमालक चहाला बोलवत नसत, चहाची घोषणा करत. खालच्या ओट्यावरून आवाज यायचा, "सर, चहा फलाटावर लागलाय. पाच मिनिटांत सुटंल." मी आपला वरच्या खोलीत चप्पल शोधत बसायचो आणि खाली पोचेपर्यंत माझा कप त्यांनी पिऊन टाकलेला असायचा. वर म्हणायचे, "गाडी कुणासाठी थांबत न्हाई."

एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची उभी नोकरी गेली होती. भोरला ज्युनियर कॉलेजात मी गणित शिकवायला होतो तेव्हा ते निवृत्त होऊन घरी बसले होते. पण पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाच्या खिशात पेन आणि गळ्यात शिट्टी नसलेली शिट्टीची दोरी अजून असायची. दोरी का, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "सवय हाय. शिट्टी हिनं काढून घेतली." ही म्हणजे आमच्या काकू. घरात सकाळी सहाला शिट्टी वाजवणाऱ्या माणसाबरोबर त्यांनी दोन महिने काढले आणि तिसऱ्या महिन्यात शिट्टी विहिरीत गेली.

नोकरीत त्यांचा एक नियम होता, आणि त्या नियमामुळे ते सगळ्या तालुक्यात बदनाम होते. अंदाज सांगायचा नाही. खिडकीशी कुणी विचारलं, "साहेब, पुण्याची गाडी कधी येईल?" की उत्तर ठरलेलं, "दिसली की सांगतो."

"अंदाजे तरी सांगा की."

"अंदाज सांगायला पलीकडं ज्योतिषी बसलाय. हितं गाडी सांगत्यात."

असा हा माणूस. आणि याच माणसाने पुढे मनगटावरच्या एका घड्याळाचा शब्द देवासारखा मानला. तो मानायला लावला मी. गणिताचा माणूस जवळ असला की लोकांची अशी वाताहत होते.

आधी त्यांचा देह सांगायला हवा. ते स्कूटरवर बसले की हँडल वळवायला जागा उरायची नाही, म्हणून घरापासून चौकापर्यंत त्यांना सरळ रस्ताच आवडायचा. खाण्यात नखरे नव्हते. भजी, जिलबी, पेढे, काकूंची पुरणपोळी, सगळ्यांना सारखीच वागणूक. डॉक्टरांनी कमी करा म्हणून सांगितलं होतं, ते त्यांनी पाहुण्यांनी "आता या आमच्याकडे" म्हणावं तितक्याच गांभीर्याने घेतलं होतं. पण त्या वर्षी गोष्ट वेगळी होती. त्या वर्षी पालखीचा प्रश्न होता.

त्यांचं गाव आंबवड्याच्या वरच्या अंगाला. चैत्रात देवाची जत्रा असते. पालखी गावाच्या वेशीपासून उचलतात, ती टेकडीवरच्या देवळात पोचेपर्यंत मध्ये कुठे टेकवायची नाही. बाकीचे खांदे गावकरी आळीपाळीने बदलतात, पण पुढचा उजवा खांदा आमच्या मालकांच्या घराचा मान. तो बदलायचा नाही. आदल्या वर्षी टेकडीच्या अर्ध्यावर, वळणावर जिथे पिंपळ आहे तिथे, मालकांना धाप लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि त्यांच्या चुलतभावाने पुढे होऊन खांदा लावला. गावातली जाणती माणसं म्हणाली, एकदा आजारपण समजू. पुन्हा झालं तर मान ज्याने पालखी वर नेली त्याच्या घरी जाईल.

मालक हे सांगताना घोषणेचा आवाज काढत नसत. साध्या, बसक्या आवाजात सांगत. "आमच्या आज्याच्या आज्यापास्नं हाय, सर. आन् माझ्या पोटापायी जायचं."

मी लगेच म्हणालो, "काका, विज्ञान आहे की."

असं वाक्य मी आयुष्यात जेव्हा जेव्हा उच्चारलंय, तेव्हा कुणाचं तरी नुकसान झालंय.

त्यांची मुलगी वेल्ह्याला दिलेली. तिच्याकडून मी ते पावलं, ठोके आणि जळालेल्या क्यालरी मोजणारं घड्याळ मागवायला लावलं. तसलंच एक, दुसऱ्या कंपनीचं, स्वतःलाही घेतलं, कारण माझ्या पँटचं वरचं बटणही काही दिवसांपासून एका धाग्याच्या आधाराने जगत होतं. मालकांचं घड्याळ मोबाईलला मीच जोडलं. वय, उंची, वजन भरलं. वजन त्यांनी मला कानात सांगितलं, कारण काकू शेजारी तांदूळ निवडत होत्या. काकू मान वर न करता म्हणाल्या, "त्यात अजून एक पोतं धरा."

मग त्यांनी विचारलं, "ह्ये क्यालरी म्हंजे किती असतंय?"

इथे मी शहाण्यासारखं गप्प बसायला हवं होतं. पण शिक्षकाला उदाहरण दिल्याशिवाय राहवत नाही. मी म्हणालो, "समजा, हा इतका आकडा म्हणजे ढोबळ एक वडापाव."

झालं. त्या दिवसापासून आमच्या घरात क्यालरी हा शब्द बंद झाला आणि सगळी मापं वडापावात आली. नीरेच्या पुलापर्यंत जाऊन आलो, अर्धा वडापाव. घरामागची टेकडी चढलो, एक वडापाव आणि वर एक मिरची. संध्याकाळी ते मोबाईल माझ्यापुढे धरत. पडद्यावर सगळ्यात मोठा आकडा असायचा तो मी वाचून भागाकार करून सांगायचो. "काका, आज सात वडापाव जळाले."

"सात?"

"सात."

ते काकूंकडे बघत. काकू तव्यावरच्या भाकरीकडे बघत.

जेवढे जळाले तेवढे खायला हरकत नाही, हा सिद्धांत त्यांनी मांडला आणि मी त्याला मान्यता दिली. जेवण वेगळं. ते नेहमीचं. हे वडापाव त्यावर. सातच्या सात खाणं त्यांनाही जमत नसे, मग उरलेले ते दुसऱ्या दिवशीच्या खात्यात ओढत आणि रविवारी जिलबीच्या रूपाने उचलत. हॉटेलवाला आम्हा दोघांना बघून कढईखालचा जाळ वाढवायचा. मीही माझ्या घड्याळाशी प्रामाणिक होतो. माझं घड्याळ मालकांच्या घड्याळापेक्षा कंजूष होतं, त्यामुळे एकाच रस्त्याने बरोबर चालून त्यांना दोन मिळत आणि मला सव्वा. मला वाटायचं, मी तरुण, माझं इंजिन नवं, कमी जळणारच. असा मी खुलासा करत असे.

त्या घड्याळाच्या जोरावर मालकांनी जे शोध लावले ते असे आहेत.

एकादशीला भजनाला बसले. टाळ वाजवता वाजवता मनगट हलत होतं. उठले तर घड्याळात भरपूर पावलं जमा. "सर, बसल्या जागी कापूरव्होळ गाठलं," म्हणाले. तेव्हापासून भजनात सर्वांत जोरदार टाळ त्यांचा. बुवा बिचारे लय सोडून त्यांच्या मागे धावायचे.

दुसरा शोध चुलतभावाचा. हा चुलतभाऊ गावात राहायचा. काटकुळा, तोंडाचा फटकळ, आणि मान आपल्याकडे आलाच म्हणून आतापासून नवा फेटा बघून ठेवलेला. बांधावरच्या एका आंब्याच्या वादावरून त्याचा फोन आला. मालक खुर्चीत बसून तावातावाने बोलत होते. फोन ठेवला आणि सवयीने घड्याळ बघितलं. छातीचे ठोके वाढले म्हणून घड्याळाने आपल्या मनाने हिशेब धरला होता. "आयला," मालक म्हणाले, "भांडणात अर्धा वडापाव हाय." त्या आठवड्यात त्यांनी चुलतभावाला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा आंब्याचा विषय संपला होता, म्हणून चिंचेवर भांडले. गावात चिंच नव्हती.

आणि तिसरा वेल्ह्याचा. मुलीकडे गेले होते, मला बरोबर नेलं होतं. येताना तिने खरवसाचा डबा दिला आणि पाहुण्यांच्या टेम्पोत मागे आम्हाला बसवलं. तो रस्ता आणि तो टेम्पो. आम्ही दोघे मागच्या फळीवर पोत्यासारखे उडत होतो. इतक्यात मालकांचं मनगट थरथरलं. घड्याळ विचारत होतं, व्यायाम चालू आहे का?

मालकांनी हो दाबलं.

मी म्हणालो, "काका, आपण बसलोय."

"खोटं कुठं बोललो? हालतोय तर खरा."

नसरापूरला चहाला उतरलो तेव्हा घड्याळाने त्यांना शाबासकी दिली होती. खरवसाचा डबा भोरला रिकामा पोचला. काकूंनी डबा हलवून बघितला, झाकण उघडलं, पुन्हा लावलं आणि म्हणाल्या, "पोरगीनं वास तरी बरा भरून दिलाय."

संक्रांत झाली. चैत्र जवळ येत होता. टेकडी रोज चढत होतो, पण मालकांची धाप कमी व्हायचं नाव नव्हतं आणि पायजम्याची नाडी दर पंधरवड्याला थोडी थोडी आखूड होत चालली होती. काकू एवढंच म्हणायच्या, "सर, ह्यांचं जळतंय ते कुठं जळतंय? मला तरी धूर दिसंना." मी त्यांना स्नायू जड असतात वगैरे समजावलं. काकूंनी मालकांच्या पोटाकडे बघितलं आणि "ह्ये स्नायू व्हय," असं म्हणून आत गेल्या.

मग मला ताप आला. चांगला फणफणून. दिवसभर गोधडीत पडून होतो, पेजेशिवाय पोटात काही नाही, संडासापर्यंत गेलो तेवढाच प्रवास. संध्याकाळी मनगट थरथरलं. बघतो तर घड्याळ माझं अभिनंदन करत होतं. आजचं उद्दिष्ट पूर्ण. फार छान.

मी तो मोठा आकडा बघितला. टेकडी चढलेल्या दिवसाएवढाच जवळजवळ. तापात डोकं ठिकाणावर नसेल, म्हणून पाणी पिऊन पुन्हा बघितला. मग त्या आकड्यावर बोट ठेवलं. खाली अक्षरं उलगडली. त्यातला मोठा हिस्सा नुसतं जिवंत राहण्याचा होता. श्वास, रक्त, पोटातलं दळण, अंगाची ऊब. माणूस खाटेवर पडून छताकडे बघत राहिला तरी जे जळतं ते. उरलेलं हालचालीचं, आणि तेसुद्धा तापाने ठोके वाढले म्हणून फुगवलेलं. कित्येक महिने मी मालकांना त्यांच्या घोरण्याचे वडापाव मोजून देत होतो. चालण्याचा एखादा असायचा. बाकीचे सगळे झोपेतले, आणि त्यांची भरपाई रोजच्या भाकरीतून आधीच झालेली.

ताप उतरल्यावर खाली गेलो. ते ओट्यावर शेंगदाण्याचा लाडू खात होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी लाडू खाली ठेवला.

"म्हंजे न हालताबी जळतंय?"

"हो."

"आन् ते आमच्या भाकरीत धरायचं व्हतं."

"हो."

"आन् आमी वर वडापाव."

"हो, काका."

लाडू त्यांनी ताटलीसकट बाजूला सरकवला. मग म्हणाले, "सर, तुमी कालेजात पोरांना बी असंच शिकवता?"

आतून काकूंचा हसण्याचा आवाज आला. पण मालक हसले नाहीत. "वळणावर चुलतभाव उभा राहणार हाय," ते म्हणाले. "फेटा बांधून."

मी घाईघाईने म्हणालो की तो झोपेचा आकडा वजा करू, नुसता चालण्याचा घेऊ, मग हिशेब बरोबर येईल. दुसऱ्या दिवशी पहाटे दोघांनी आपापली घड्याळं घातली आणि टेकडी चढलो. वर आकडे जुळेनात. घड्याळांची अदलाबदल करून पुन्हा चढलो. तरी जुळेनात. त्यांच्या मनगटावर माझं कंजूष घड्याळ उदार झालं आणि त्यांचं उदार घड्याळ माझ्या मनगटावर भलतंच काहीतरी सांगू लागलं. माझं वय, वजन, उंची त्यांच्या अंगाला लावली गेली होती, हे मला परत उतरल्यावर सुचलं. शेवटी आम्ही डॉक्टरांकडे गेलो. डॉक्टर सरळ माणूस. म्हणाले, "ठोके ते बऱ्यापैकी मोजतं. त्याच्या पुढचं, किती जळालं वगैरे, ते तुमच्या वयावरनं, वजनावरनं आणि ठोक्यांवरनं बांधलेला अंदाज असतो. कधी जवळ जातो, कधी बराच लांब. त्यावर जेवण ठरवू नका."

"अंदाज?" मालक म्हणाले.

"अंदाजच."

बाहेर आल्यावर ते स्कूटरपाशी तसेच उभे राहिले. मी चार महिन्यांत त्यांना वडापाव हुकल्यावरही इतकं दुखावलेलं पाहिलं नव्हतं. "अंदाज सांगितला न्हाई म्हणून लोकांच्या शिव्या खाल्ल्या मी," ते म्हणाले. "एक बाई रडली व्हती खिडकीशी, तरी सांगितला न्हाई. आन् हितं मनगटावर बांधून फिरतोय."

त्यानंतरचे दिवस कष्टाचे होते. जिलबी बंद. वडापाव हा शब्द बंद. काकू ताटात वाढतील तेवढंच, आणि काकू वाढताना त्यांच्या तोंडाकडे नाही, पायजम्याच्या नाडीकडे बघून वाढायच्या. घड्याळ त्यांनी फेकलं नाही. डॉक्टर म्हणाले ते तेवढं धरून ठेवलं. रोज तीच टेकडी, त्याच चालीने, आणि वर पोचल्यावर फक्त ठोके बघायचे. आज कालच्यापेक्षा कमी आले का, एवढंच. बाकीचा पडदा ते अंगठ्याने झाकून घेत.

पालखीचा सराव हवा म्हणून त्यांनी एक बांबू आणला, मधोमध भाताचं पोतं बांधलं आणि दुसऱ्या टोकाला मला लावलं. मी त्यांच्यापेक्षा बुटका. ते पुढे, मी मागे, चढावर सगळं पोतं घसरून माझ्या गळ्याशी. पहाटे रस्त्याने जाताना लोकांना वाटायचं, डोंगरातून कुणाला तरी झोळीत घालून दवाखान्यात नेतायत. एका शेळ्यांवाल्या म्हाताऱ्याने काठी टेकवून विचारलं, "कोण आजारी हाय वो?"

मालक न थांबता म्हणाले, "मागचा."

चैत्र आला. जत्रेच्या दिवशी वेशीपाशी पालखी सजलेली, हलगी चालू, गुलाल. चुलतभाऊ फेटा बांधून खरोखरच उभा. पालखीला हात लावणाऱ्याच्या अंगावर चामडं चालत नाही. पट्टा, पाकीट, चपला सगळं काढून ठेवायचं. गुरवाने मालकांच्या मनगटावर बोट ठेवलं. "ह्ये काय?"

मी पुढे झालो. "ते चामडं नाही, रबर आहे. सिलिकॉन म्हणतात."

गुरवाने पट्टा दोन बोटांत धरून चोळला, वास घेतला, विचार केला. मी आणखी काही शास्त्रीय सांगणार होतो तेवढ्यात मालकांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. "ऱ्हाऊ द्या, सर. आज तुमी बोलू नका."

आणि त्यांनी खांदा लावला.

वळणापर्यंत चांगले गेले. मी बाजूने धावत होतो, त्यांच्या चपला माझ्या एका हातात, घड्याळ दुसऱ्या. काकू बायकांच्या घोळक्यात मागे होत्या, पण त्यांची नजर त्या उजव्या खांद्यावरून हलत नव्हती. पिंपळ आला. मालकांचा चेहरा लाल झाला होता. पाय थोडे रुंद पडायला लागले. पालखी किंचित मंदावली आणि हलगीवाल्यांनीही ठेका ओढून धरला. सगळ्या गावाला माहीत होतं ही जागा कोणती.

चुलतभाऊ पुढे सरकला. "दादा, द्या हिकडं. देवाचं काम हाय. कुणाचा बी खांदा चालतो."

मालकांनी एक श्वास घेतला. मग दुसरा, लांब. मान वळवली नाही.

"चालतो ना?" ते म्हणाले. "मग मागं लाव."

लोक हसले. चुलतभावाला आता मागे हटणं शक्य नव्हतं. फेटा सावरत तो पालखीच्या मागच्या बाजूला गेला आणि तिथल्या माणसाला बाजूला करून त्याने खांदा दिला. चढावर पालखीचा भार मागे येतो, हे मला माझ्या गळ्यामुळे पक्कं ठाऊक होतं. त्याला त्या दिवशी ठाऊक झालं. मालक एकेक पाऊल टाकत राहिले. घाई नाही. प्रत्येक पावलाआधी श्वास, मग पाऊल. पिंपळ मागे पडला. देवळाच्या पायऱ्या आल्या, पायऱ्या संपल्या, आणि पालखी आत टेकली तेव्हा पुढचा उजवा खांदा तोच होता.

काकूंनी पदराचं टोक डोळ्यांना लावलं आणि लगेच कपाळाचा गुलाल पुसल्यासारखं केलं.

मालक भिंतीला टेकून बसले. घामाने शर्ट अंगाला चिकटलेला, पण बोलण्याइतका दम होता. शेजारी चुलतभाऊ आडवाच झाला होता. फेटा सुटून छातीवर आलेला आणि छाती भात्यासारखी वरखाली. बोलायला तोंड उघडायचा, शब्द बाहेर यायचा नाही. मालकांनी तांब्यातलं पाणी त्याच्या हातात दिलं, मग माझ्यापुढे हात केला. मी घड्याळ दिलं.

ते त्यांनी स्वतःच्या मनगटाला लावलं नाही. चुलतभावाचा काटकुळा हात उचलला, त्यावर पट्टा आवळला, शेवटच्या भोकापर्यंत.

"पुढल्या वर्षी बी मागं तूच," ते म्हणाले. "तवर ह्ये वापर. धाप लई लागती तुला."

"ह्ये कसं बघायचं?" चुलतभावाला एवढंच कसंबसं बोलता आलं.

"हे सर सांगत्याल. ह्यातलं त्यांना समदं कळतंय."

चुलतभावाने मोठ्या आशेने माझ्याकडे मान वळवली. तोवर मी देवळाबाहेर, प्रसादाच्या रांगेत, दोन शेळ्यांवाल्यांच्या मध्ये उभा होतो.